बाटलीतले बुडबुडे

...नाही हो, गॅस कसला! तुम्हाला सांगतो, दुकानात ट्रकचं चाक उचलत होतो, तर छातीत उजवीकडे सटकन कळ आणि श्वास अर्ध्यावरच अडलेला! बायको म्हणते, "गॅस असेल, पालथे झोपा." मेहुणा म्हणतो, "शीर आखडली, भावोजी," आणि लागला बाम चोळायला. अहो, माझा इथे जीव जातोय आणि हा चोळतोय!

डॉक्टरांनी मात्र छाती बोटांनी ठोकून पाहिली. उजवी बाजू पोकळ वाजते आणि तिथे श्वासाचा आवाजच नाही! एक्स-रे काढला. म्हणाले, "फुप्फुस बसलंय. बारीक भोक पडून हवा गळली." म्हटलं, म्हणजे पंक्चर! डॉक्टर, पंक्चरचं मला सांगू नका, जन्म गेला त्यात!

मग काय, जागा बधिर केली, बरगड्यांमधून नळी आत आणि तिचं दुसरं टोक खाली बाटलीतल्या पाण्यात. आणि पाण्यात... बुडबुडे! आता तुम्हीच सांगा, आमच्या धंद्यात बुडबुडा म्हणजे काय? गळती! मी ओरडतोय, "अहो, गळतंय!" सिस्टर म्हणते, "छान चाललंय." छान? माझी हवा चालली आणि छान? पंक्चरचं मला सांगू नका! तिची पाठ वळली आणि मी नळी दुमडून मुठीत आवळली. बुडबुडे बंद! काय ऐट माझी! ...आणि बघता बघता तेच ट्रकचं चाक छातीवर! डोळे पांढरे! बायको किंचाळली. खरं सांगतो, घाबरलो. वाटलं, संपलं.

सिस्टरने धावत येऊन मूठ सोडवली. "अहो, टायरला हवा आत लागते! तुमची गळलेली हवा फुप्फुसाबाहेर कोंडून त्यालाच दाबतेय. ती निघाली तरच ते फुलणार! येऊ द्या बुडबुडे!"

दिले येऊ. गपगुमान बाटलीकडे बघत पडलो. एका सकाळी ते आपोआप थांबले, एक्स-रेत फुप्फुस टम्म! नळी निघाली, बायको रडली, मीही रडलो, मेहुण्याने पुन्हा बाम काढला...

आणि काल! दुकानापुढे डॉक्टरांची स्कूटर, मागचं चाक बसलेलं. ट्यूब पाण्यात धरली तर हे बुडबुडे! मी ठिगळ शोधतोय, तर डॉक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "येऊ द्या. छान चाललंय. थांबतील आपोआप."

मी स्टूल पुढे सरकवलं. म्हटलं, "बसा." दोघंही बघत बसलो. आता पंक्चरचं मी कुणाला काय सांगणार!