रेघेला रेघ

आपल्या गाडीचं पंक्चर निघेपर्यंत एक आई गॅरेजच्या बाकावर बाळाला थोपटत बसली होती. समोर एक जुनी लष्करी जीप, चाकं उचलून ठेवलेली. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा दोन तुकड्यांचा शाफ्ट जोडत खाली मिस्त्रीण, शेजारी मिस्त्रिणीचे वडील.

“आबा, वाकलेला शाफ्ट सरळ केला, तरी गाडी थरथरतेच. भंगारवाला बाहेर थांबलाय.”

“जोडताना रेघेला रेघ लावलीस?”

“कसली रेघ?”

“पांढरी. दोन्ही तुकड्यांवर मीच मारलेली.”

“मळ समजून पुसली.”

“शाब्बास. आता शाफ्टच्या दोन्ही टोकांना जोडाचे जे कान आहेत, ते एका ओळीत घे.”

“एवढंच?”

“एवढ्यावरच बावीस वर्षं चालवली.”

मघाशी जीप चालू करून पाहताना तिच्या खडखडाटाने दोनदा बाळ दचकून रडलं होतं. शाफ्ट पुन्हा जोडून झाला, तशी या खेपेला आईने आधीच त्याचे कान झाकले. चाकं फिरली. बाळ झोपूनच राहिलं.

“आता त्या भंगारवाल्याला याच गाडीने घरी सोडून ये.”