भाड्याच्या गाडीवरची विभूती

— आता तिनं नको म्हणून सांगितलंय तर नको लिहा की साहेब, त्यात तिची वाट कशाला बघायची? मी शेजारीण हाय उज्वलाची, भिंतीला भिंत लागून हाय आमची. सकाळीच म्हणली मला — अक्का, गाडीच्या कंपनीचे साहेब येतेत, त्यांना बसवून घे, चहा दे, आन सांग की आम्हाला ते प्रोटेक्शन का काय ते नको. झालं. सांगितलं मी. — सही तिचीच लागती? हाव, कागदाचं सगळं सरांनी तिच्यावरच सोडलंय. बरं, मग बसा. येईल अर्ध्या तासात, नवऱ्याला डबा द्यायला गेली क्लासवर. स्कुटीवर गेली. हसू नका, खरं सांगते — गाडी ही काय, तुमच्या नाकासमोर उभी, आन मालकीण स्कुटीवर, मालक पायी. क्लासच्या रोडला दुपारी पोरं सुटली की मुंग्यांवाणी सायकली असतेत, कुणाचं हँडल घासंल, कुणाची बॅग लागंल, म्हणून वीस दिवस झाले गाडी दारातच. शिरूर अनंतपाळला एका लग्नाला तेवढी नेली, तर तिथंबी ही मांडवात कमी आन गाडीपाशी जास्त. जेवणाचं ताट घेऊन गाडीपाशी उभी.

साखर बरोबर हाय ना चहात? तुमच्या गळ्यातलं कार्ड वाचलं मी — यासेर, नांदेड ऑफिस. नांदेडात कुठं, विष्णुपुरीकडं का गावात? माझी नणंद हिमायतनगरला दिलेली हाय म्हणून विचारलं. लोक मला म्हणतेत, ह्या दानम्माला सगळ्यांचं सगळं कळायला पाह्यजे. पाह्यजे तर पाह्यजे. चाळीस पोरांचे डबे करते मी, सगळी क्लासची पोरं, आईबापाला सोडून आलेली — कोण कुठल्या गावचं, कोण रडून राहिलं, कुणी परवापासून भाजी तशीच परत पाठवली, हे मी न्हाई विचारलं तर कोण विचारणार? तुम्हाला पोरं किती? — दोन. बरं हाय.

आता ते तुमचं प्रोटेक्शन मला जेवढं कळलं तेवढं सांगते, चुकलं तर सांगा. गाडी हिची न्हाई. लीजवर हाय, तीन वर्षं. तीन वर्षांनी तुम्ही येणार, सगळीकडून बघणार, ओरखडा कुठं, पोचा कुठं, शिटावर डाग कशाचा — आन त्याचं भरून मागणार. आन आत्तापासून दर महिन्याला थोडं जास्तीचं दिलं तर तवा विचारणार न्हाई. असंच ना? — बघा. सातवी शिकले, पण कळतंय. गल्लीत कुणाला म्हाईत न्हाई ही लीजची हाय म्हणून, सगळे म्हणतेत सरांनी गाडी घेतली, सरांनी गाडी घेतली. मला म्हाईत हाय. तिच्या टेबलावर कागद उघडाच पडला होता, मी वाटी परत द्यायला गेले होते, आता उघड्या कागदावरून नजर कुठं बाजूला करायची? कुणाला सांगितलं न्हाई मी. किराणावाल्या साखराबाईला तेवढं सांगितलं, ती काय परकी न्हाई.

खरं सांगू, तो कागद वाचला त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. म्हणलं, म्हणजे आपल्यासारखीच हाय की, भाड्याचीच वस्तू. — न्हाई न्हाई, जळत न्हाई मी. मी कशाला जळू? तिचा नवरा हुशार हाय, शिवशंकर सर, फिजिक्स शिकवतो, दुसऱ्या क्लासवाल्यांनी पळवू नये म्हणून ह्या क्लासवाल्यांनी गाडी दिली — भाडं क्लासवाले भरतेत, पण घासलं-चेपलं तर ते सरांच्या पगारातून, असं लिहिलंय कागदात. माझा बसवंत त्याच सरांकडं होता दोन वर्षं. फुकट शिकवलं, हे बोललं पाह्यजे, एक रुपाया घेतला न्हाई. दोनदा परीक्षा दिली, न्हाई लागला नंबर. आता उदगीरला मोबाईलच्या दुकानात हाय, काचा बसवतो. काही वाईट न्हाई. पण रोज सकाळी दार उघडलं की समोर ही पांढरीशुभ्र उभी, आन मला वाटतं — वाटतं बघा, काय करता — की सरांनी बाकीच्या पोरांना जरा जास्त शिकवलं असंल. वेड्यावाणी वाटतं. नंतर माझं मलाच खराब वाटतं.

आन ती उज्वला काय माझी नुसती शेजारीण हाय? भूकंपातलं लेकरू हाय ते. आमचं दोघींचं गाव एकच, किल्लारीच्या अलीकडं, आता त्या जागेवर न्हाई, उठवून दुसरीकडं वसवलं. मी नवी नवरी होते, ही सात वर्षांची. हिची आई त्यात गेली. बाप पुण्याला होता कामाला, तो येईपर्यंत आन आल्यावरबी, ही माझ्याच ताटात जेवायची. पत्र्याच्या शेडात आठ महिने राहिलो आम्ही. दुपारी पत्रा असा तापायचा, आन ही बाहेर यायला तयार नसायची, म्हणायची, अक्का, बाहेर गेलं की हे पडंल. मी म्हणायची, पत्रा हाय ग, पडला तरी लागणार न्हाई. हिचे केस मीच विंचरले. ही लातूरला लग्न होऊन आली तवा बाजूचं घर मीच बघून दिलं. आन अजूनबी बघा — मिक्सरची वॉरंटी, फ्रीजची वॉरंटी, पंख्याचीसुद्धा पावती, सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत आन पेटी दाराशी. कुणी काही विमा-बिमा घेऊन आलं की ही घेतीच. मी तिला म्हणते, तू एक दिवस माझाबी विमा उतरवशील.

— तेच ना. तेच तुम्हाला वाटून राहिलं, की अशी बाई ह्यालाच नको कशी म्हणली. सांगते. तुम्ही प्रश्न विचारत न्हाई पण तुमचं तोंड विचारतंय.

गाडी आली त्या दिवशी मी भाकऱ्या करत होते. हॉर्न ऐकला, तशीच पळत आले, हात पिठाचे. आनंदच झाला होता हो, शपथ घेऊन सांगते, आनंदानं दाराला हात लावला. तर ही म्हणली — अक्का, हात. एवढंच. आन पदरानं पुसलं तिथं. माझ्यासमोर पुसलं. आता मला कळतंय ती भीत होती, परक्याची वस्तू हाय, डाग पडंल. पण तवा मला कुठं म्हाईत होतं लीजचं? मला एवढंच दिसलं, की जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या तिला माझा हात घाण वाटला. मी जाऊन हात धुवून आले. मग गाडीची पूजा करायची म्हणून ही म्हणली, अक्का, विभूती तूच लाव, तू मोठी. आमच्यात कुंकवाचं स्वस्तिक न्हाई काढत, आम्ही तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढतो, कपाळाला ओढतो तसेच. रीत अशी हाय की बोटं ओली करायची, विभूतीच्या वडीवर घासायची, आन हलक्या हातानं ओढायची. मी बोटं न्हाई लावली. मी वडीच घेतली हातात, धरली बोनेटला, आन ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. वडी म्हणजे दगडच की हो ती, वाळलेली, कोपरा तुटलेला, त्यात खडा. मला आवाज आला. करकर. तिसऱ्यांदा ओढताना तर मला पुरतं म्हाईत होतं काय करून राहिले ते. सगळे टाळ्या वाजवत होते, नारळ फुटला, कुणाला काही ऐकू आलं न्हाई. वर पांढरी विभूती, गाडीबी पांढरी, खालच्या रेघा काही दिसल्याच न्हाईत.

हाव. ते तीन पट्टे दिसतेत ना बोनेटवर, त्याच्याखाली.

उठू नका. बसा, चहा संपवा. तिच्या परवानगीबिगर हात लावायचा न्हाई असं तुम्हीच मघाशी म्हणलात. ती देवाचं म्हणून धुतच न्हाई तेवढं. सगळी गाडी धुती, तेवढी जागा सोडून. आन मला परवा कळलं, ती कागद घेऊन इथं ओट्यावर बसली तवा — की प्रोटेक्शन घेतलं तर साहेब येऊन सगळी गाडी पुसून फोटो काढणार, आधीचं काय हाय ते लिहून घेणार, आन आधीचं त्यात धरणार न्हाई. न्हाई घेतलं तर नुसती सही, फोटो न्हाई. ती म्हणली, अक्का, तूच सांग, घेऊ का नको. मी पटकन म्हणलं, वेडी हायस का, उभ्या गाडीला काय होतंय, नको घेऊ. माझ्या तोंडातून इतकं पटकन आलं. तिनं माझ्याकडं बघत बघत कागदाची घडी घातली. मग म्हणली, बरं, तू म्हणतीस तर नको. पंख्याची पावती जपणारी पोरगी ती, साहेब. तिनं माझ्या शब्दावर सोडून दिलं. आता तीन वर्षं ती रोज भिऊन राहणार, मांडवाबाहेर ताट घेऊन उभी राहणार, आन तीन वर्षांनी तुम्ही पुसून बघणार तवा तिला वाटंल कुठं लागलं, कधी लागलं, आपलंच चुकलं.

म्हणून मी तुम्हाला आल्या आल्या म्हणलं, नको लिहा आन जा. सरळ सांगते. तुम्ही गेला असता तर बरं झालं असतं.

— काय म्हणलात? परत म्हणा. — विभूती वीस दिवस टिकत न्हाई? कशी टिकंल, दवानंच जाती. दर सोमवारी ती नव्यानं लावती ना. आंघोळ करून येती, बोटं ओली करती, त्याच पट्ट्यांवर… तीन सोमवार झाले, मी इथूनच बघते, ह्याच खिडकीतून. हळू हळू लावती, एक एक पट्टा. बोटानं.

बोटानं.

तुमच्या बोटाला लागंल का हो, तेवढी रेघ? डोळ्याला न्हाई दिसली तरी? — लागती. हाव, लागतच असंल. काचेवरचा केस लागतो बोटाला. पहिल्याच सोमवारी लागली असंल तिला. सरांनासुद्धा लावू देत न्हाई ती, म्हणती, राहू द्या, मी लावते. मला वाटायचं देवाचं कौतुक. मग ती दर सोमवारी झाकतच… आन तरी माझ्या ओट्यावर येऊन बसली, आन विचारलं, तूच सांग अक्का. म्हणजे ती विचारत काय होती मला? आन मी काय बोलले. वेडी हायस का, म्हणलं. तिलाच.

थांबा. स्कुटीचा आवाज हाय. तीच हाय, वळणावर ब्रेक असाच वाजतो तिचा.

तुम्ही तो कागद आत ठेवा बरं, आत्ता काढू नका. उठा, तो कप तिथंच राहू द्या, मी उचलते. तिकडं कोपऱ्यावर पानटपरी हाय, तिथं जाऊन उभे राहा थोडा वेळ. बोलवते मी. गाडीला हात लावू नका, काही पुसू नका, आन तिला तुम्ही काही सांगू नका, तुमचं काम न्हाई ते. जा, साहेब, जा लवकर.

उज्वला, इकडं ये. न्हाई, डबा राहू दे खाली. बस इथं.