आमच्या ओट्यावरचं झबलं

हसू नका, पण सांगते. शेजारची शोभा नववीत आहे, तिला शाळेत शिवणकाम असतं. परवा पोरगी दारात रडत बसलेली. विचारल्याशिवाय मला कुठलं राहवतं?

"काहून रडून राहिली वं?"

"बाईनं झबलं शिवून आणाले सांगतलं, काकू. नाही नेलं तर नापास करते म्हणे. अन् वहिनीचे दिवस भरत आले, तं आजी म्हणते, लेकरू व्हायच्या आधी घरात नवं झबलं शिवाचं नाही."

"मंग माह्या ओट्यावर शीव. माह्या घरी कोणाचे दिवस हायेत?"

ती टाके घालत बसली, मी शेजारी बसून बंद लावून दिले. नेमका मोहाडीच्या आठवडी बाजाराचा दिवस, सारं गाव समोरून गेलं.

संध्याकाळी आमचे हे रिकामी थैली घेऊन आले.

"काहून, भाजी नाही भेटली?"

"भाजी कायची? जो तो पेढे मागून राहिला. घरात जावई आला, अन् या वयात तू आपल्याच लेकराचे झबले शिवतं म्हणते सारा बाजार. मले तरी सांगाचं."

पुढच्या आठवड्यात शोभा नाचत आली. "काकू, पास झाली! आता टोपडं शिवाले सांगतलं."

मी तोंड उघडायच्या आत हे उठले आणि पुढचं दार लावून घेतलं.

"ये पोरी, ये. मागच्या खोलीत बस."