आठ घरांची एक तार

वर्ना : करून टाका सही, ओल्गाबाई. एकाच तारेवरच्या आपल्या आठ घरांपैकी सात घरांच्या झाल्या, तुमची एकटीची राहिलीय. आठही सह्या असल्याशिवाय टेलिफोन कंपनी घराघराला वेगळ्या तारा ओढत नाही.

ओल्गा : आधी टेक तरी. कॉफी टाकते.

वर्ना : कॉफी नको. हॅरोल्ड गाडीत थांबलाय.

ओल्गा : अगं, मग त्यालाही हाक मार की.

वर्ना : यायचा नाही तो.

ओल्गा : अजून रागावलाय?

वर्ना : त्याचं सोडा, मी रागावलेय! त्या दिवशी सकाळी दहाला माझ्या जोनीचा ओमाहाहून फोन. तिसऱ्या महिन्यात पोट पडलं म्हणून रडत होती पोर. हॅरोल्ड शेतात होता, त्याला मी सांगितलंही नव्हतं. आणि बाराच्या ठोक्याला तुम्ही दारात, कोंबडी-नूडल्सचं गरम भांडं घेऊन! दार त्यानंच उघडलं. ‘वाईट झालं हो नातवंडाचं,’ म्हणालात. लेकीचं दुःख बापाला शेजारणीकडून कळलं, ओल्गाबाई.

ओल्गा : वाईट मनानं नाही गं आणलं. कुणाकडे दुःख झालं की जेवण नेऊन द्यायचं, एवढंच येतं मला. तिचं रडणं ऐकलं आणि हात आपोआप पीठ मळायला लागले. हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही, हे डोक्यातच आलं नाही.

वर्ना : डोक्यात कसं आलं नाही? फोन उचलून दुसऱ्याचं बोलणं ऐकतात सगळेच. मीही ऐकते, खोटं कशाला बोलू? पण ऐकलेलं पोटात ठेवायचं. एवढी एकच तर रीत आहे आपल्या तारेची.

ओल्गा : चुकलंच माझं.

वर्ना : कुणाचाही फोन आला तरी घंटा आठही घरांत वाजते, म्हणून तर प्रत्येकाची खूण वेगळी; तुमची घंटा दोन लांब, एक आखूड. पण तुम्ही आठही घरांच्या घंटांना धावता. बोलताना तुमचा श्वास ऐकू येतो आम्हाला.

ओल्गा : अगंबाई! माहीत होतं तुम्हाला?

वर्ना : सगळ्यांना.

ओल्गा : मग कुणी हटकलं का नाही कधी?

वर्ना : तुमचे यजमान आर्न गेले, तुम्ही एकट्या पडलात. म्हटलं, ऐकू देत बापडीला.

ओल्गा : नऊ वर्षं झाली आर्नला जाऊन. बर्फानं रस्ता बंद झाला की तीन-तीन आठवडे माणसाचं तोंड दिसत नाही इथं. तुमचं बोलणं चालू असलं की घरात कुणीतरी आहे असं वाटतं मला. जोनीचं लग्न ठरलं ना, तेही इथंच उभी राहून ऐकलं. आनंदाच्या भरात केक केला होता मी. पण तुझ्याकडे आणला नाही. चार दिवस एकटीनंच खाल्ला. तेव्हा जमलं गप्प बसायला. या वेळी नाही जमलं.

वर्ना : मला हे ठाऊक नव्हतं.

ओल्गा : नाहीच केली सही, तर?

वर्ना : तर तार आहे तशी राहील. आणि जोनी पत्रं लिहीत राहील. त्या दिवसापासून एक फोन नाही तिचा. सत्तावन्न साल चालू आहे, घरात टेलिफोन आहे, आणि माझी लेक आईजवळ रडायला भिते.

ओल्गा : आण ते पेन.

(ओल्गा सही करते.)

वर्ना : शुक्रवारी माणूस येईल तार जोडायला. आता घंटा वाजली की ती तुमचीच समजायची.

ओल्गा : माझी वर्षभरात दोनदा वाजली. त्यातली एक चुकून.

वर्ना : मग तुम्ही लावा की फोन. रविवारी, चर्चमधून आल्यावर. मला लावा.

ओल्गा : तू रागावलेयस ना माझ्यावर?

वर्ना : रागावलेय. तरी लावा.

ओल्गा : लावेन गं. पण तू फोन उचललास की मी काय बोलायचं, ते सांगून जा. इतकी वर्षं मी नुसती ऐकतच आलेय.