पाल्यावाली सहा

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या पुढे एक सासू आणि तिची सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर वही होती.

“आई, आज ही वही डॉक्टरांना दाखवणारच. सहा डुकरांना सोयापेंड, सहांना तिच्याऐवजी शेवग्याच्या पाल्याची पूड. दोन महिन्यांनी दोन्हीकडची वजनं सारखी!”

“दाखवायलाच हवी का?”

“म्हणजे काय! पाला खाऊन कुठे डुकरं वाढतात, म्हणून सगळे हसत होते ना? आता डॉक्टरच सगळ्यांना सांगतील, पाला घाला म्हणून.”

“सगळ्यांना?”

“हो. असा चेहरा का केलाय तुम्ही?”

“अगं, त्या पाल्यावाल्यांकडे बघवत नव्हतं मला. पलीकडे पेंड पडली की बिचारी गजाला नाक लावून उभी राहायची.”

“मग?”

“मग ओंजळभर टाकायचे.”

“कधी?”

“रोज. तू पाला वाळवायला गच्चीवर गेलीस की.”

“दोन महिने?”

“रविवारी दोन ओंजळी.”

“पुढचे कोण?” कंपाउंडरने हाक मारली.

“आम्ही. जंतांचं औषध तेवढं द्या.”

“आणि वही गं?”

“वही पिशवीत. नवी पिल्लं आली की पुन्हा पहिल्या पानापासून.”

“चिडलीस?”

“चिडलेय. पण सोडणार नाही.”

“मग एक कर. पेंडीच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे ठेव. मी रडले तरी देऊ नकोस.”