दोनदा भिजलेलं बाळ

बिशप : आधी तो झगा काढ बघू.

पाळक : पण बाई, चौकशीला पाळकाने झगा घालूनच बसायचं असा नियम आहे.

बिशप : तो नियम मीच लिहिलाय. लिहिताना डोक्यावर पंखा होता. काढ, नाहीतर आंबशील. शेवटी मला तो काढून न्यावा लागला, तर निदान घामेजलेला तरी नको.

पाळक : म्हणजे माझं पाळकपद काढून न्यायचं ठरवूनच आलात?

बिशप : ठरवून आले असते तर पिशवी मोठी आणली असती. तक्रारीचं पत्र वाचू?

पाळक : कोणाचं ते ठाऊक आहे मला. आपल्या ऑर्गनवालीचं. जरा हळू वाजवा म्हटलं, तेव्हापासून डूख धरून आहे.

बिशप : तिचंही आलंय, चार पानी. बसमध्ये वाचलं, प्रवास छान झाला. हे दुसरं आहे. आता सांग, बारा वर्षांचा होतास तेव्हा तुला धर्माची प्रश्नोत्तरी कोणी शिकवली?

पाळक : तुम्ही.

बिशप : बाप्तिस्मा माणसाला किती वेळा द्यायचा?

पाळक : बाई, मी बेचाळीस वर्षांचा आहे.

बिशप : वय नाही विचारलं.

पाळक : एकदा.

बिशप : शाबास. आणि चर्चच्या मंडळीच्या अध्यक्षांच्या नातवाला किती वेळा दिलास?

पाळक : तसं बघायला गेलं तर... दीड वेळा.

बिशप : दीड! माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोरानेही असं उत्तर कधी दिलं नाही. नीट सांग. पहिल्यापासून.

पाळक : बाळ सातव्या महिन्यातच आलं. निळं पडलेलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आईबाप म्हणाले, बाप्तिस्मा तरी होऊ दे. मी गावाबाहेर होतो. मग नर्सनेच वाटीतलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं, शब्द म्हटले. आणि बाळ जगलं, चार महिन्यांत असं गुटगुटीत झालं की ओळखू येईना.

बिशप : आणि तू त्याला इथे चर्चमध्ये आणून पुन्हा भिजवलंस.

पाळक : आजी ऐकेनात हो! म्हणजे अध्यक्षांची बायको. 'सलाइन लावता लावता उरकलेला कसला तो बाप्तिस्मा?' म्हणे. त्यांनी तीन हात लांब पांढरा अंगरखा शिवून घेतला होता. फोटोवालाही सांगून ठेवला होता.

बिशप : म्हणजे अंगरखा शिवला म्हणून बाप्तिस्मा. उद्या शवपेटी छान मिळाली तर कोणाला पुरशील?

पाळक : थोडं पाणीच तर होतं, बाई. दोनदा भिजून कोणी विरघळत नाही.

बिशप : बाळ काय म्हणालं?

पाळक : बोंबललं. वर माझ्या झग्यावर मुतलं.

बिशप : बरोबरच केलं. त्या दिवशी अख्ख्या चर्चमध्ये प्रश्नोत्तरी येणारा तो एकटाच होता.

पाळक : थट्टा करा तुम्ही. अध्यक्षांना नाही म्हणून बघा एकदा. माझं घर मंडळीचं. छप्पर तीन वर्षं गळतंय, आणि ते कधी दुरुस्त करायचं हे अध्यक्षांच्या हातात.

बिशप : म्हणजे तुझ्या घरात रोजच बाप्तिस्मे चालू आहेत म्हण.

पाळक : बाई!

बिशप : बरं, राहिलं. छपराचं मला का कळवलं नाहीस?

पाळक : कधी कळवणार? बिशपने दर दोन वर्षांनी यावं असा नियम आहे. तुम्ही पाच वर्षांनी उगवताय.

बिशप : हं. तोही नियम मीच लिहिलाय. लागला, टोमणा लागला मला. पाळकावर देखरेख म्हणजे तक्रार आल्यावर धावत येणं नव्हे. अर्धी चूक माझ्या नावावर घाल. आता तुझ्या अर्ध्याचं बोलू. नर्सला हे करायला कोणी शिकवलं?

पाळक : मीच. सहा वर्षांपूर्वी, त्यांच्या हॉस्पिटलात वर्ग घेतला होता.

बिशप : काय सांगितलंस वर्गात?

पाळक : की आईबापांची इच्छा असेल आणि वेळ नसेल, तर पाळकाची वाट बघू नका. कोणीही ख्रिस्ती माणूस देऊ शकतो. साधं पाणी चालतं. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणा, झालं.

बिशप : आणि असा बाप्तिस्मा कितपत खरा?

पाळक : मी दिला तर जेवढा, तेवढाच. कणभरही कमी नाही.

बिशप : मास्तर म्हणून उत्तम आहेस रे. वर्ग पास झाला, मास्तर तेवढा नापास. सिस्टर, या हो आत. बाहेर किती वेळ बसाल?

(नर्स आत येते आणि दाराजवळच उभी राहते.)

पाळक : सिस्टर! पत्र तुमचं? अहो, अपमान झाला असेल तर माफ करा. माझ्या मनात तसं काही नव्हतं.

नर्स : अपमानाचं काय घेऊन बसलात? डॉक्टर रोज राउंडला येतात. सवय आहे.

बिशप : याचा झगा काढून घ्यावा असं वाटतं तुम्हाला?

नर्स : झगा घेऊन मी काय करू? मला एकच विचारायचंय. दोनला ड्यूटी आहे, पटकन विचारते. पाळकसाहेब, मी घातलेलं पाणी त्या बाळाला लागू पडलं नव्हतं का?

पाळक : पडलं होतं. अर्थातच पडलं होतं.

नर्स : मग परत का घातलंत?

पाळक : आजींच्या समाधानासाठी.

नर्स : ते बाळ जगलं म्हणून त्याला दुसरं पाणी मिळालं. वाचली नाहीत त्या बाकीच्या नऊ बाळांना फक्त माझंच मिळालं.

पाळक : नऊ? मला दोघं-तिघंच आठवतात.

नर्स : दर वेळी फोन केला होता मी तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, 'देव बघून घेईल, सिस्टर.' त्यातली एक आई आपल्याच मंडळीत आहे. बाजारात भेटली की विचारते, 'नीट झालं होतं ना?' मी म्हणते, अगदी नीट. त्या रविवारी ती मागच्या बाकावर होती. तुम्ही जगलेल्या बाळावर परत पाणी घातलंत, ते तिने बघितलं. सोमवारी वॉर्डाबाहेर येऊन बसली. तासभर. तिला काय सांगू, ते सांगा.

बिशप : माझ्याकडे काय बघतोस? त्यांनी तुला विचारलंय.

पाळक : मी... मी असा विचारच केला नव्हता.

बिशप : आज सकाळपासूनचं हे तुझं पहिलं धड वाक्य.

पाळक : बाई, झगा घेऊन जा.

बिशप : वा! तू घरी जाऊन तोंड पाडून बसणार, आणि ती बाई वॉर्डाबाहेर बसणार. ते नाही चालायचं. येत्या रविवारी उभा राहा आणि सगळ्यांसमोर सांग, 'बाप्तिस्मा सिस्टरने दिला तोच. माझं होतं ते नुसतं पाणी. ते देणं चूक होतं.'

पाळक : अध्यक्ष पहिल्या बाकावर बसतात.

बिशप : मग मोठ्याने ओरडावं लागणार नाही.

पाळक : ते मला ठेवणार नाहीत इथे.

बिशप : नसतील ठेवत. मी त्यांच्या शेजारी बसेन आणि नंतर छपराचं बोलेन. त्यापुढचं वचन देत नाही. बिशप आहे मी, देवदूत नव्हे.

पाळक : लोक हसतील.

बिशप : हसू देत. तुझ्या उपदेशात जागे तरी राहतील.

नर्स : तिला रविवारी ये म्हणून सांगू का?

पाळक : नको. रविवारपर्यंत कशाला थांबवायचं? आज संध्याकाळी मीच जातो तिच्या घरी. पण आधी बाप्तिस्म्याची नोंदवही... बाई, जरा सरका, तुमच्या पाठीमागच्या कपाटात आहे. हे बघा, माझी नोंद खोडली. इथे सिस्टरांची लिहितो. आणि सिस्टर, ते नऊ जण यात कुठे आहेत?

नर्स : कुठेच नाहीत. कोणी लिहून घेतलंच नाही.

पाळक : नावं ठेवली होती त्यांची?

नर्स : ठेवली होती ना. सगळी पाठ आहेत मला.

पाळक : सांगा मग.

नर्स : आत्ता? दोनला ड्यूटी आहे माझी.

बिशप : तुमच्या मेट्रनला मी फोन करते. बसा तुम्ही.

नर्स : बरं. सावकाश लिहा. पहिली मुलगी होती.