पट्ट्याशेजारचं दार

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बसल्या होत्या. दोघींच्या डोळ्यांत औषध घातलेलं. डोळे मिटलेले, तोंडं मात्र चालू.

"बल्बच्या कारखान्यातला आपला फोरमन आठवतो?"

"न आठवायला काय झालं! 'बायका संडासला गेल्या की तिकडेच रमतात, यांना कोण सुपरवायझर करणार?'"

"पुरुषांचा संडास बल्बच्या सरकत्या पट्ट्याला लागून, आपला पार फाटकापाशी. मग काय उडत येणार होतो?"

"तूच म्हणालीस, आज सगळ्याजणी एकदमच जाऊ या."

"आणि गेलो की! काय हसत होतो गं वाटभर."

"परत येऊन बघतो तर पट्टा बंद, आणि फोरमन एकटाच बल्बना टोप्या बसवतोय."

"महिन्याभरात आपला संडास पट्ट्याशेजारी आला. पुढे तू सुपरवायझरही झालीस."

"आता माझी नात बसते त्या खुर्चीत."

"तिला सांगितलंस हे सगळं?"

"नाही. तिला वाटतं, तो संडास पहिल्यापासून तिथेच होता."

"अगं, मग सांग की तिला!"

"राहू दे गं. ती असं म्हणते ना, तेव्हा फार बरं वाटतं मला."